निळ्या गाडीतला माणूस

बुधवार, ३ सप्टेंबर २०२५

पुस्तक छापून आलं. माझं नाव त्यात कुठेही नाही.

पुढून मागे आणि मागून पुढे असं दोनदा पाहिलं. मुखपृष्ठावर 'चिनी दुकानदारांसाठी इंग्रजी विशेषणं' आणि खाली सलील सरांचं नाव. मागच्या बाजूला हाताची घडी घातलेला त्यांचा फोटो. आत एकशे अठरा जोड्या. सगळ्या माझ्या, माझ्याच क्रमाने. पहिली जोडीसुद्धा तीच, स्मूथ आणि स्लिपरी. चिनी भाषेत दोन्हीला 'हुआ' म्हटलं तरी चालतं. म्हणून आमच्या दुकानाच्या मालकीण फांग बाईंनी एका बहारिनी बाईला आमची सर्वांत गुळगुळीत टाइल 'व्हेरी स्लिपरी' म्हणून कौतुकाने दाखवली होती, आणि ती बाई मुलांचे हात धरून निघून गेली होती. तोही प्रसंग छापला आहे. 'माझ्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत घडलेली गोष्ट.' माझ्या म्हणजे त्यांच्या!

पान ३१ वर एक स्पेलिंग चुकलं आहे. माझ्या वहीत ते बरोबर होतं.

मी याचा बदला घेणार आहे. हे वाक्य पुन्हा वाचून पाहिलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

आज सुट्टी. सगळं क्रमाने लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर गोंधळ नको.

मी ओवैस, म्हसळ्याचा. अकरावीत शाळा सुटली. इथे बहारीनला येऊन तीन वर्षं झाली. अरादमध्ये महमूद मामूंच्या खोलीत राहतो. ते कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, काउंटर सांभाळतात. मी चिनी बाजारात फांग बाई आणि त्यांच्या नवऱ्याच्या दुकानात स्टोअरकीपर आहे. टाइल, नळ, बेसिन, कमोड.

बाई गिऱ्हाइकासमोर जे विशेषण चुकीचं वापरत, ते मी त्याच दिवशी वहीत लिहायचो. शेजारी योग्य विशेषण आणि फरक. बारीक बांध्याच्या गिऱ्हाइकाला 'स्किनी' म्हणायचं नाही, 'स्लिम' म्हणायचं, हे त्यांना समजवायला मला दोन दिवस लागले, कारण त्यांच्याकडे दोन्हीला एकच शब्द. मग शेजारची दुकानं विचारायला लागली. मंगळवारी दोन ते तीन, उन्हामुळे बाजार ओस पडलेला असतो तेव्हा, मागच्या माल उतरवायच्या जागेत खोक्यांवर बसून वर्ग सुरू झाला. आता बावीस जण आहेत. मला ते 'लाओशी' म्हणतात, म्हणजे गुरुजी. आयुष्यात मला कोणी असं काही म्हटलं नव्हतं.

सलील सर सीफमध्ये बँकेत मोठ्या जागेवर आहेत. पुण्याचे. शनिवारी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेतात. मार्चमध्ये बेसिन घ्यायला आले होते. मी मनातल्या मनात मराठीत मोजत होतो, ते बहुतेक तोंडातून बाहेर पडत होतं. "अरे! मराठी का तू? कुठला?" मग वही पाहिली. "हे तू केलंस? अरे, हे सोनं आहे. आपण याचं पुस्तक करू." त्या 'आपण' शब्दावर मी विश्वास ठेवला.

जुलैमध्ये त्यांचा मेसेज आला होता की पहिल्या पानासाठी पूर्ण नाव आणि शिक्षण कळव. मी उत्तर लिहायला घेतलं. नाव तीन प्रकारे लिहिता येतं. शिक्षण एकाच प्रकारे लिहिता येतं. मग ते राहून गेलं. आठवड्याने पुन्हा विचारलं, तेव्हा दुकानात कंटेनर आला होता. ज्याला खरंच नाव छापायचं असतं तो तिसऱ्यांदा विचारतो.

मंगळवार, ९ सप्टेंबर

सरांचा मेसेज. दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक जोडीला दोन-दोन नमुना वाक्यं हवीत. 'तुझ्याइतकं कोणाला जमणार नाही.' शिवाय नोव्हेंबरमध्ये सीफच्या एका हॉटेलात कार्यक्रम आहे. बाजाराचे व्यवस्थापक येतील, सरांच्या बँकेचे लोक येतील, आणि माझे बावीस जण स्टेजवर धडा म्हणून दाखवतील.

मला लगेच वाटलं, अर्थ उलटे लिहून द्यावेत. छापून आल्यावर सगळीकडे सरांचं हसं होईल. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बसलो. 'हाय' आणि 'टॉल' यांची अदलाबदल करायला घेतली. पहिलं अक्षर काढलं आणि हात थांबला. अर्धा तास बसून होतो. चुकीचं लिहिताच येईना. शेवटी बरोबर वाक्य लिहून कागद खिशात ठेवला.

वर्गात आज जागेवर उभं राहून म्हणायचा दिवस होता. माझा नियम एकच आहे: विशेषण हवेत बोलायचं नाही, वस्तूवर हात ठेवून बोलायचं. लांब असेल तर हात तिकडे करायचा. ती मंडळी पुढची पायरी आपली आपण करतात. अख्खा धडा तोंडपाठ करतात आणि ताठ उभं राहून एका सुरात, अशा आवाजात म्हणतात की आज पुन्हा सिक्युरिटीवाला धावत आला. "मफी मुश्किला," बाई त्याला अरबीत म्हणाल्या, म्हणजे काही अडचण नाही, "वी स्टडी." तो कपाळाला हात लावून गेला.

रविवार, १४ सप्टेंबर

सापडलं.

वाक्यात चूक करायची नाही. वाक्यात माणूस घालायचा.

एकशे अठरापैकी सेहेचाळीस जोड्या माणसांच्या स्वभावाच्या आहेत. त्यांतलं एक विशेषण चांगलं असतं आणि एक त्याच घरातलं पण वाईट. थ्रिफ्टी म्हणजे काटकसरी, स्टिंजी म्हणजे चिक्कू. क्लेव्हर म्हणजे हुशार, कनिंग म्हणजे लबाड. आता वाक्यं अशी:

तरुण माणूस क्लेव्हर आहे. निळ्या गाडीतला माणूस कनिंग आहे.

निळी गाडी सरांची. नाव कुठेही नाही. स्टेजवर बावीस जण हे मोठ्याने म्हणतील. पहिल्या रांगेत बसलेल्या एकाच माणसाला कळेल, आणि त्याला कोणाला काही सांगता येणार नाही. टाळ्या वाजवाव्या लागतील.

आज नऊ जोड्या झाल्या. भूक लागली नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर

सगळी वाक्यं झाली. प्रत्येक स्पेलिंग कोशात पाहिलं. तरुण माणूस उदार आहे, निळ्या गाडीतला माणूस उधळ्या आहे. तरुण माणूस ठाम आहे, निळ्या गाडीतला माणूस हटवादी आहे. तरुण माणूस मॉडेस्ट आहे, म्हणजे विनम्र. या जोडीला मी बराच वेळ दिला. निळ्या गाडीतला माणूस लाजाळूपणाचं सोंग करतो.

मामू दात कोरत म्हणाले, "काय लिवतंस रे एवढं? कोनावर केस टाकतंस?"

"धडा आहे, मामू."

"धडा लिवताना कोन असा हसत नाय."

सरांना पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं. 'जबरदस्त! वाचायला वेळ नाही, तुझ्यावर पूर्ण भरवसा आहे. सरळ छपाईला टाकतो.' म्हणजे न वाचता! किती केअरलेस. ही जोडी माझ्याकडे नव्हती. केअरफ्री आणि केअरलेस. लिहून ठेवली.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आजपासून वर्गात नवी वाक्यं. आठवड्याभरात सगळ्यांना पाठ झाली असतील.

वर्ग सुटल्यावर फांग बाई खोकी सारखी करत थांबल्या. बाई एक्केचाळीस वर्षांच्या आहेत, कमी बोलतात, बोलतात तेव्हा वर्षभराचा हिशोब मिटवल्यासारखं बोलतात. इंग्रजीतच म्हणाल्या, "लाओशी, हा निळ्या गाडीवाला माणूस. सगळा वाईट अर्धा त्याच्याकडे."

"हो."

"तरुण माणूस. सगळा चांगला अर्धा त्याच्याकडे."

"नमुना आहे, मॅडम. लक्षात राहायला सोपं."

"हो, लक्षात राहतं," त्या म्हणाल्या. मग एक खोकं भिंतीला लावून, "एक माणूस सगळा चांगला, असं पुस्तक आमच्या शाळेत होतं. कोणी लिहिलं ते आम्हाला लगेच कळायचं."

मी म्हटलं, बदलणार नाही. त्या म्हणाल्या, "ओके. विद्यार्थी बदलत नाहीत. विद्यार्थी पाठ करतात."

त्यांच्या डोक्यात नक्की काय होतं ते कळलं नाही. चिनी लोक शाळेची आठवण फार काढतात.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

संध्याकाळी बसची वाट पाहत होतो. समोर निळी गाडी थांबली.

"बस रे. अरादला ना? मी मुहर्रकलाच चाललोय."

आत त्यांच्या पत्नी होत्या, पूर्णिमा मॅडम. त्यांनी मागे वळून मला खजुराचा डबा दिला. सर वाटेत चिनी भाषेतली तीन वाक्यं म्हणून दाखवत होते. स्टेजवर म्हणणार आहेत. उच्चार फार वाईट. मी दुरुस्त केले नाहीत.

"हा आठ दिवस झोपला नाहीये," मॅडम म्हणाल्या. "बँकेत शंभर लोकांसमोर बोलतो, पण या कार्यक्रमासाठी रात्री उठून वाक्यं घोकतो."

"अगं, तिथे माझं काही पणाला नसतं. इथे लोकांना वाटायला नको की मी कोणाचं तरी..." सर आरशातून माझ्याकडे बघत होते. "ओवैस, मी तुला दोनदा विचारलं होतं. तुला नाव नकोय, असं मी धरून चाललो. बरोबर ना?"

मी म्हटलं, "इथेच थांबवा, सर. इथून चालत जवळ आहे."

जवळ नव्हतं. पंचवीस मिनिटं चाललो. बायकोसमोर विचारायचं, म्हणजे मला भांडता येऊ नये. कनिंगचा पुरावा याहून दुसरा काय हवा? खजूर चांगले होते. मामूंना दिले.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

उद्या. पांढरा शर्ट इस्त्री केला. सरांनी पहिल्या रांगेत माझी खुर्ची ठेवली आहे, त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून. इतक्या जवळून त्यांचा चेहरा पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

जे झालं ते लिहितो.

हॉल भरला होता. बाजाराचे व्यवस्थापक, बँकेचे लोक, मराठी मंडळातली पन्नास-साठ माणसं, मामूसुद्धा. सरांनी चिनी वाक्यं म्हटली. माझे बावीस जण गालातल्या गालात हसले, पण मान तुकवून टाळ्या वाजवल्या.

मग ते उभे राहिले. तीन रांगा. फांग बाईंनी मान हलवली आणि सुरू झालं. आधी वस्तूंच्या जोड्या. टेबल स्मूथ आहे, सगळ्यांचे हात टेबलाकडे. खांब टॉल आहे, छत हाय आहे, हात वर. लोक खूश. कोणीतरी शिटी वाजवली. माझ्या नियमाचं असं कौतुक होताना मी पहिल्यांदा पाहत होतो. पुढे काय येणार आहे हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. वर्गात निळ्या गाडीतला माणूस समोर नव्हता, म्हणून माणसांच्या जोड्या ते नुसत्याच म्हणत.

"तरुण माणूस क्लेव्हर आहे!"

बावीस हात माझ्याकडे.

"निळ्या गाडीतला माणूस कनिंग आहे!"

बावीस हात सलील सरांकडे. तळवा उघडा, अदबीने, जसा टाइलकडे करतात तसा.

सर्वांत आधी बँकेचे लोक हसले. त्यांना वाटलं बसवलेला विनोद आहे. सरही हसले. दुसरी जोडी आली. तिसरी आली. हात माझ्याकडे, हात त्यांच्याकडे, जराही न चुकता. चौथ्या जोडीला सरांचं हसू गेलं. ज्यासाठी मी दोन महिने जगलो होतो तो चेहरा माझ्यासमोर होता आणि मला तो नीट बघता येत नव्हता, कारण सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. माझ्या मागे कोणीतरी मराठीत म्हणालं, "म्हणजे हे सगळं यानेच लिहिलंय की काय?"

आणि मग, "तरुण माणूस मॉडेस्ट आहे!"

बावीस हात. हॉलचं छत उडेल असा हशा. पूर्णिमा मॅडमनी पदर तोंडाला लावला होता, खांदे हलत होते. मामू उभं राहून बघत होते.

बारा जोड्या झाल्या. टाळ्या थांबेनात. फांग बाई खाली उतरून थेट माझ्याकडे आल्या. चेहरा नेहमीसारखाच, पाण्यासारखा.

"लाओशी, बरोबर झालं? हात वस्तूवर."

मी म्हटलं, "बरोबर झालं."

एकही चूक नव्हती. हे मला लिहावंच लागेल.

सोमवार, १० नोव्हेंबर

कामावर गेलो नाही. पोट दुखतंय असं कळवलं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आहे. कोल्ड स्टोअरमध्ये येणारं गिऱ्हाईक मामूंना विचारतं, तुमचा विनम्र भाचा कसा आहे?

मामू रागावले नाहीत, ते जास्त वाईट. आज म्हणाले, "त्या मानसानं तुजा काय वाईट केला, ता सांग मला."

मी सांगितलं. पुस्तक, नाव, सगळं.

"आनि त्यानं विचारला तवा?"

"तेव्हा कंटेनर आला होता."

मामूंनी चहा माझ्यापुढे सरकवला आणि टीव्ही लावला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सलील सर दुकानात आले. निळी गाडी बाहेर. मी कोठारात जाऊन बसलो तर फांग बाई आत आल्या आणि म्हणाल्या, "कस्टमर."

सर शोरूममधल्या बाथटबच्या काठावर बसले होते. हातात वाक्यांचं पुस्तक. बऱ्याच ठिकाणी कागदाचे तुकडे घातलेले.

"ये. मला काही विचारायचंय. स्टिंजी कशावरून?"

मी शेजारचा नळ पुसायला घेतला.

"सांग ना. तू आकाशातून काही लिहीत नाहीस हे मला माहितीये. स्टिंजी कशावरून?"

"त्या दिवशी बेसिनबरोबर तुम्ही स्क्रू फुकट मागितलेत."

"चार स्क्रू!"

"आठ."

"बरं, आठ." त्यांनी पान उलटलं. "नोझी. चोंबडा. हे मान्य. पूर्णिमाही हेच म्हणते. अ‍ॅरोगंट?"

"फोटोत हाताची घडी आहे."

ते हसणार होते, पण हसले नाहीत. "काउअर्डली. भित्रा. हे कुठून आणलंस?"

हे मी सहज लिहिलं होतं. तिथे पुरावा नव्हता. 'केअरफुल' हा चांगला अर्धा मला स्वतःला हवा होता, त्याच्यासमोर काहीतरी लागत होतं.

"माझ्या बॉसने व्हिडिओ पाहिला," सर म्हणाले. "माझ्या टीमने पाहिला. काल मीटिंगमध्ये मी सिलिंग फार हाय आहे म्हणालो तर दोघांनी हात वर केले. ठीक आहे. आता ऐक. बाजाराच्या व्यवस्थापकांना प्रत्येक दुकानात हे पुस्तक हवंय. लोक मागतायत. नवी छपाई रविवारी जाते. त्यावर माझं नाव नसेल. तुझं असेल. एकट्याचं. मुखपृष्ठावर, मोठ्या अक्षरात. वाक्यं जशीच्या तशी, सगळी. शनिवार संध्याकाळपर्यंत कळव."

"सगळी?"

"तू लिहिलीस ना?"

ते गेले. गाडी सुरू होईपर्यंत मी उभाच होतो. आयुष्यात मला जे हवं होतं तेच त्यांनी दिलं, आणि असं दिलं की घेतलं तर मी संपलो. बहारीनभर प्रत्येक चिनी दुकानात माझ्या नावाखाली लिहिलेलं असेल की मी उदार, शूर, विनम्र आहे.

हा सूड आहे. माझ्यापेक्षा चांगला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळपासून बसलो आहे. आधी ठरवलं, नाही म्हणून कळवायचं. मग पुस्तक उघडलं ते नुसतं स्पेलिंग बघायला.

एक गोष्ट लक्षात आली. वर सरांचं नाव होतं तोवर ही वाक्यं मला बरोबर वाटत होती. वर माझं नाव ठेवून वाचली तर तशी वाटत नाहीत. 'हाय' आणि 'टॉल'ची अदलाबदल करताना हात थांबला होता. 'काउअर्डली' लिहिताना कसा थांबला नाही?

म्हणून सेहेचाळीस जोड्या क्रमाने घेतल्या. निळ्या गाडीतल्या माणसाच्या प्रत्येक वाक्यापुढे मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट लिहायची. ऐकलेली नाही, वाटलेली नाही. लिहिता आली नाही तर वाक्य खोडायचं आणि तिथे टाइल, बेसिन किंवा कोणीही दुसरा माणूस घालायचा. जेवायला उठलो नाही. मामूंनी दोनदा हाक मारली.

सत्तावीस खोडली.

एकोणीस राहिली. अ‍ॅरोगंट राहिलं, कारण 'माझ्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत' हे त्यांनी छापलं होतं आणि ती विद्यार्थिनी माझी होती. स्टिंजी राहिलं, आठ स्क्रू. ही एकोणीस मी कोणासाठीही काढणार नाही. गाडीचा रंगही बदलणार नाही. त्यांनी पुस्तक उघडलं की ती एकोणीस वाक्यं त्यांना सापडली पाहिजेत, आणि त्यांतल्या एकाही वाक्याला त्यांना खोटं म्हणता येऊ नये. याहून मोठा बदला मला माहीत नाही.

पाच वाजता दुरुस्त प्रत पाठवली. नाव पाठवलं, तिन्ही प्रकारांतलं पासपोर्टवर आहे ते.

पाठवण्याआधी तोच नियम तरुण माणसाच्या सेहेचाळीस वाक्यांनाही लावला होता. त्यांतली किती राहिली, ते इथे लिहीत नाही.